षष्ठीचं नाटक

पितृपक्ष लागला की सगळ्यांची कामं अडतात. घर पाहून ठेवलेला माणूस म्हणतो, एवढे पंधरा दिवस जाऊ द्या. नवी गाडी दुकानातच उभी राहते. सोनार सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत वाचत बसतो. आमच्या घरात मात्र वर्षभराची सगळी घाई याच पंधरवड्यात असायची. बाबा कोर्टातून यायचे, काळा कोट खुंटीला अडकवायचे, चहा उभ्यानंच घ्यायचे आणि निघायचे. पाठोपाठ आई, दादा आणि मी. शेजारच्या काकू फाटकातून ओरडायच्या, "काहून वं, पितरं दारात उभे अन् तुमी कुठी चालले?" आई चप्पल घालता घालता म्हणायची, "त्याइलेच घेऊन चाललो!"

आम्ही नाटकाला चाललेलो असायचो.

परवा अकोल्याहून अमरावतीला दादाकडे येताना बसच्या खिडकीतून सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं दिसलं. कपाशीला फुलं होती. सकाळची पांढरी, कालची गुलाबी. रात्री पाऊस येऊन गेलेला आणि दिवसा असं ऊन की मानेवर कोणीतरी ओला गरम टॉवेल टाकलाय. हे ऊन आलं की मला अजूनही एका बंद हॉलचा वास येतो. मुद्दाम आठवावं लागत नाही.

तेव्हा अमरावतीत नाटक म्हणजे मुंबई-पुण्याची कंपनी यायची तेच. त्याचं तिकीट काढताना वकिलाची बायकोही दोनदा विचार करायची. आणि आमचे बाबा वकील असले तरी त्यांच्याकडे अशील कमी आणि नाटकं जास्त. त्यांच्या मंडळात एक होमिओपॅथीचे डॉक्टर, दोन मास्तर, कोर्टातला एक कारकून आणि लाइट सांभाळणारे अशोककाका. नाटकं विचित्र. एका नाटकात दोन माणसं अख्खा वेळ एका खिडकीबद्दल भांडत होती आणि खिडकी नव्हतीच. अशा नाटकाला कोण जागा देणार? नाट्यगृहाचं भाडं परवडायचं नाही. शाळा म्हणायची, आधी काय ते लिहून दाखवा. मग बाबांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. पितृपक्षात लग्न सोडाच, बारसं-साखरपुडाही होत नाही. म्हणजे या गावातली सगळी मंगल कार्यालयं पंधरा दिवस कुलूप लावून पडलेली असतात.

बाबूशेठ म्हणून एकांचं कार्यालय होतं. ते विजेच्या बिलावर हॉल द्यायला तयार झाले. हॉल झाडून द्यायचा आणि दोन अटी पाळायच्या. पहिली अट, स्टेजवरच्या राजा-राणीच्या खुर्च्या हलवायच्या नाहीत. लाल मखमलीच्या, सोनेरी पायांच्या त्या खुर्च्या चार माणसांनाही उचलवायच्या नाहीत. एकीचा पाय निखळला तर डिसेंबरात नवरदेव कुठे बसवू, असं शेठचं म्हणणं. त्यामुळे बाबांच्या मंडळाच्या प्रत्येक नाटकात त्या दोन खुर्च्या होत्या. भिकारी तिथेच बसायचा, कैदी तिथेच, दवाखान्यातला पेशंटही तिथेच. एकदा नागपूरचे एक प्राध्यापक आले होते. नाटक संपल्यावर ते बराच वेळ त्या खुर्च्यांमधून दिसणाऱ्या सत्तेच्या प्रतीकाबद्दल बोलत होते. बाबा गंभीरपणे मान हलवत होते. घरी येताना मात्र सायकल हातात धरून ते एवढे हसले की सायकल पडली.

दुसरी अट होती ती बाबूशेठनं हात जोडून सांगितली. "माह्या स्टेजवर मरायचं नाई, वकीलसाहेब. तिथं लोकाईच्या पोरी हळदीनं उभ्या राहतेत."

आता नाटकात माणूस मरणार नाही हे कसं शक्य आहे? पण शब्द दिला म्हणजे दिला. मग बाबांनी तोड काढली. ज्याचं मरण असेल त्यानं स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली यायचं आणि प्रेक्षकांत येऊन बसायचं. पुढचं नाटक त्यानं आपल्यासारखंच पाहायचं. पुन्हा वर जायचं नाही. पहिल्या वर्षी लोकांना काही कळलं नाही. पण गावाला सवय होते. दोन वर्षांनी असं व्हायला लागलं, की पायऱ्यांकडे पाय वळले रे वळले की हॉलमधून कोणीतरी हळूच म्हणायचं, "गेला बिचारा." तो येऊन बसला की शेजारचे सरकून जागा द्यायचे. एकदा मोर्शीच्या एका शेतकऱ्यानं तर मेलेल्या माणसापुढे बिडी धरली. त्यानंही घेतली.

तिकीट नव्हतंच. येणारे कसे कसे यायचे. खोली करून राहणारी परीक्षेची पोरं, दवाखान्यात ॲडमिट असलेल्यांचे नातेवाईक, दर्यापूरची शेवटची गाडी चुकलेली माणसं. उजेड दिसला, पंखे दिसले, शिरले. एका आजोबांना वाटलं कोणाची तेरवी आहे. पितृपक्षात मंगल कार्यालयात दिवे लागलेत म्हणजे दुसरं काय असणार? ते दोन अंक जेवणाची वाट पाहत बसले. शेवटी आईनं त्यांना घरी आणून वाढलं. जेवता जेवता म्हणाले, "तेरवी चांगली होती, पण लोकं लय बोलत होते."

कार्यालयाचं कुलूप उघडलं की आतून तो वास यायचा. हळदीचा, शिळ्या अत्तराचा, ओल धरलेल्या गाद्यांचा. कोपऱ्यात उन्हाळ्यातल्या लग्नांच्या अक्षता पडलेल्या असायच्या, लाल-पिवळ्या रंगवलेल्या ज्वारीच्या. तालीम चालू असायची आणि मी त्या वेचून रंग वेगळे करत बसायची. दादा तेव्हाच मोठा होता, त्याला या सगळ्याची लाज वाटायची. त्याचे मित्र विचारायचे, तुझे बाबा पितरांपुढे नाटक करतात का रे? तो त्यांच्यापासून तोंड लपवायचा. मला तर वाटायचं सगळ्यांचेच बाबा करत असतील.

मी सातवीत होते त्या वर्षी बाबांनी बंद पडलेल्या स्टेशनातल्या मास्तरांचं नाटक केलं. मास्तर ते स्वतःच. गाडी येत नाही, येणार नाही, तरी हा माणूस रोज कंदील पुसून ठेवतो. शेवटी त्यानं टोपी काढून राजाच्या खुर्चीवर ठेवली आणि तो पायऱ्या उतरला.  बाबा सरळ आईच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. वर बाकीचे त्या टोपीकडे पाहत उभे. लोक डोळे पुसत होते. आणि आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, खांदे गदागदा हलायला लागले. मागच्या बाई म्हणाल्या, "लय मनाले लावून घेतलं वो हिनं." खरं असं होतं की बाबा तिच्या कानाशी वाकून म्हणाले होते, "पोळ्या करून आलीस ना गं? मला भूक लागलीय." मी आईच्या या बाजूला होते, मी ऐकलं. आई हसत होती. रडणाऱ्या हॉलमध्ये एकटी माझी आई पोट धरून हसत होती.

त्याच वर्षी पौषात बाबा कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले ते उठले नाहीत.

वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाला पक्षात घालत नाहीत. त्यामुळे बाबांचं पहिलं पान वाढलं ते त्याच्या पुढच्या भाद्रपदात, त्यांच्या तिथीला, षष्ठीला. काका आले, आत्या आल्या. उडदाचे वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी. दादानं गच्चीवर घास ठेवला, कावळ्यानं घेतला, सगळे जेवले. संध्याकाळ झाली तशी आईनं लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "चाल." मंडळ चालू होतं. अशोककाकांनी हट्टानं चालू ठेवलं होतं. आत्या दारात आडव्या झाल्या. "नवऱ्याचं पान वाढलं त्याच दिवशी नाटक पाहाले चालली? लोकं थुंकतीन तोंडावर."

आई दर्यापूरकडच्या खेड्यातली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. बाबांसारखं नीटस बोलणं तिला आयुष्यभर जमलं नाही आणि तिनं जमवलंही नाही. ती म्हणाली, "अवं, हा मानूस जित्तेपनी तरी टाइमावर जेवाले येत होता का घरी? आता मेल्यावर येईन? ह्या पंधरा दिवसात येत असन तं तो तिथंच येईन. मी तिथं जाऊन बसते."

एवढंच. तिनं पुन्हा कधी याबद्दल भाषण केलं नाही. पण दर वर्षी षष्ठीच्या संध्याकाळी ती नाटकाला गेली आणि मी तिच्याबरोबर गेले. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायची. कोणी विचारलं, इथं कोणी आहे का, की म्हणायची, "हाव, येऊन राह्यले." रिक्षात मी विचारायची, "आले होते का गं?" ती बाहेर बघत म्हणायची, "अंधार असते ना वं तिथं. नीट दिसत नाई."

मग जसं होतं तसं झालं. डॉक्टरांनी मोठा दवाखाना टाकला. एक मास्तर बदलून गेले, दुसरे थकले. बाबूशेठ गेले, मुलांनी कार्यालय पाडलं. आता तिथे मोठं लॉन आहे, आणि पितृपक्षातही ते रिकामं नसतं. कपड्यांचा सेल लागतो. चादरी, टॉप, प्रेशर कुकर. अशोककाका मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात शिरले, लोकांच्या लग्नात दिवे लावायला लागले. माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायला लागले. पण षष्ठी आली की मी रजा टाकून अमरावतीला यायची आणि आम्ही दोघी नाटक शोधायला निघायचो.

काय काय पाहिलं आम्ही! कॉलेजच्या गॅदरिंगची तालीम पाहिली. एका मंदिराच्या सभामंडपात शाळेच्या बायकांनी केलेलं हुंड्यावरचं नाटक पाहिलं, त्यातली सासू मधेच थांबून फोनवर बोलली. चांदूर बाजारला गोठ्यात चाललेलं एक सोंग पाहिलं. एका वर्षी काहीच नव्हतं. शेवटी बसस्टँडवर पोरं मतदान करा, मतदान करा असं ओरडत गोल फिरत होती, तेच पथनाट्य. दहा मिनिटांत संपलं. मी म्हटलं, "आई, हे काही नाटक नाही." ती पिशवी उचलून म्हणाली, "हेबी चालते. त्याले कुठी आवडनिवड होती?" टाळेबंदीच्या वर्षी तर घराबाहेर पडायची सोय नव्हती. भाचीनं पुण्याहून फोनवर एक नाटक लावून दिलं. चौकोनात चौकोन, प्रत्येकात एक माणूस आपापल्या घरून बोलत होता. आईनं पाच मिनिटं पाहिलं आणि मला फोन करून विचारलं, "याच्यात तो बसन कुठी?"

भाची म्हणजे दादाची तेजू. ती पुण्यात नोकरीला. तिला वाटलं, आजी वणवण करते, एकदा पुण्यालाच आणावं. तिकडे नाटकाला काय तोटा? तिच्या फोनवर रोज पाच-सहा नाटकांच्या जाहिराती दिसायच्या. गच्चीवर, गॅरेजात, कोणाच्या बैठकीत. सिनेमापेक्षा स्वस्त, आणि बाबांना वेड लागेल अशी विचित्र. तिनं आम्हाला एका तळघरात नेलं. काळ्या भिंती, थोड्याशा खुर्च्या, समोर एक मुलगी. ती मुलगी तासभर एक शब्द बोलली नाही. फक्त एक साडी धूत होती, पिळत होती, वाळत घालत होती आणि पुन्हा उतरवून धूत होती. मला वाटलं आई कंटाळली. पण ती पुढे वाकून बसली होती. बाहेर आल्यावर तेजूनं विचारलं, "आजी, कसं होतं?"

"बम चांगलं होतं, माय," आई म्हणाली. मग रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहत म्हणाली, "पण त्याले इथचा रस्ता नाई मालूम. तो अमरावतीले जाऊन बसला असन बिचारा."

रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली. तेजू माझ्याकडे पाहत राहिली, तिला वाटलं आजी रागावली. त्यानंतर षष्ठीला आई वऱ्हाडाबाहेर कधी गेली नाही. मोठ्या शहरात काय पाहिजे ते मिळतं, हे खरंच आहे. पण आपल्याला काय पाहिजे ते त्या शहराला कसं कळणार?

आई जाऊन आता दीड वर्ष झालं. आमच्याकडे पक्ष बाबांच्या तिथीलाच. म्हणजे याच षष्ठीला, बाबांच्या पानाशेजारी आईचं पहिलं पान.

दादानं सगळं नीट केलं. तो सरकारी नोकरीतून रिटायर व्हायला आलाय, सोवळं नेसलं की हुबेहूब काकांसारखा दिसतो. वहिनीनं आईच्या हातचे वाटावेत असे वडे केले. गच्चीवर घास ठेवला आणि लगेच कावळा आला. दादाचा चेहरा उजळला. "घे, जेवली. पोट भरलं तिचं."

मी म्हणाले, "दादा, आज संध्याकाळी गावात नाटक कुठे आहे?"

त्यानं जानवं नीट करता करता माझ्याकडे पाहिलं. "तू बह्याड झाली का वं? आई होती तंवरी ठीक होतं."

"आई नाही म्हणून तर विचारते."

तो खाली उतरला. मला त्याचा राग आला, आणि मग माझाच आला. काय सांगणार होते मी त्याला? पन्नाशीच्या घरातली बाई, पोरांना संभाव्यता शिकवणारी. माझ्याजवळ एवढंच होतं, की आई जर कुठे येणार असेल तर ती खिरीच्या वाटीपाशी येणार नाही. ती बाबांना शोधत जाईल. आणि बाबा कुठे जातील? त्या दोघांना जाऊन बसायला या अख्ख्या गावात एक नाटक शिल्लक नाही. ते दोघं चादरीच्या सेलमध्ये फिरत असतील, हा विचार माझ्या मनातून जाईना. मला हुंदका आला तो तिथेच, गच्चीवर, कावळ्यासमोर.

दुपारी मी फोन लावत बसले. कॉलेजं, वाचनालय, ओळखीचे एक निवृत्त मास्तर. मास्तर म्हणाले, नाट्यस्पर्धा हिवाळ्यात, तेव्हा या. शेवटी अशोककाकांना लावला. त्यांचा आवाज आता पार खाली गेलाय. "बाई, नाटक आता कोण करते? पोट्टे मोबाइलवर करते अन् मोबाइलवरच पाहाते." मग म्हणाले, "आज षष्ठी नाई का?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासानं त्यांचाच आला. "अकोल्याले करून राह्यले म्हणते कोनी पोट्टे. जुन्या जिनिंगच्या शेडात. माह्या पुतन्यानं दोन लाइट देले त्याइले. आज हाये का उद्या, ते नाई मालूम."

ते जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा बंद पडलेला कारखाना, माझ्या घराच्या मागे आहे. रोज भाजी घेऊन मी त्या भिंतीच्या कडेनं जाते. इतकी वर्षं अमरावतीत धुंडाळत होते आणि हे माझ्या गल्लीत.

मी वहिनीला सांगून निघाले. दादा झोपला होता, किंवा पडून होता. बसमध्ये शेजारी एक बाई मांडीवर अर्धं कोहळं घेऊन बसली होती. मूर्तिजापूरला बस चहाला थांबली ती हलेना. मी दोनदा उठून कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कोनी सीरियस हाये का?" मी म्हटलं, "नाटक आहे." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी जाऊन जागेवर बसले. बाहेर सोयाबीनवर उन्हं कलली होती. परीक्षेला उशीर झालेल्या पोरीसारखी मी एकेक मैलाचा दगड मोजत होते.

शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत दोन पिवळे दिवे, पाच-सहा पोरं, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. सरकीचा जुना वास. दारातल्या पोरानं मला पाहिलं आणि तो ताठ उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता, गणितात राहिला होता. "मॅडम! आमी परवानगी घेतली हाये, मॅडम."

"मी नाटक पाहायला आले."

ती पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. मग पूनम नावाची एक मुलगी पुढे आली. हीच नाटक बसवत होती. "मॅडम, प्रयोग रविवारी आहे. आज नुसती तालीम. ती पण होत नाही नीट. आजीचं काम करणारी पोरगी गावाला गेली, तिच्या घरी पितरं आहेत."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. मी म्हटलं, "तालीमही चालेल. मी मागे बसते. पण आजच पाहिजे."

का ते तिनं विचारलं नाही. मी बसले. पण आजीच्या वाक्यापाशी आले की सगळे थांबत. कोणीतरी वाचून दाखवी, चुकीच्या जागी हसू येई, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा पूनम माझ्याकडे आली. तिच्या फोनवर नाटक उघडं होतं. "मॅडम, तुमी वाचता का? काही करायचं नाही. मधात उभं राहून वाचायचं."

"मला नाटक येत नाही गं."

"येते कोनाले?" ती म्हणाली.

मी उठले. शेडमध्ये विटा रचून दीड हाताचा चबुतरा केला होता, त्यावर चढले. दिवा डोळ्यांवर आला. मी वाचायला लागले. आजी म्हणत होती की गहू उन्हात घाला, पाऊस येतो. साधंच काहीतरी. एक वाक्य वाचून मी मान वर केली आणि मला खुर्च्या दिसल्या.

जन्मभर मी तिकडून इकडे पाहत आले होते. इकडून तिकडे पहिल्यांदाच. अंधार फारसा नव्हता. दार उघडं होतं, रस्त्यावरचा उजेड आत येत होता. एकूण एक खुर्ची दिसत होती आणि एकूण एक रिकामी होती. बाबा नव्हते. आई नव्हती. कोणीही आलं नव्हतं. मी डावीकडून उजवीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या.

आईची नजर शेवटपर्यंत चांगली होती. सुईत दोरा स्वतः ओवायची. म्हणजे तिलाही दर वर्षी शेजारची खुर्ची अशीच स्वच्छ दिसली असणार. दर षष्ठीला ती गेली, तिनं पाहिलं, ती घरी आली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लुगडं बदलून निघाली. हे तिनं एकटीनं सोसलं. मला कळू दिलं नाही. बाप गेलेली पोर शेजारी बसलेली, तिला काय सांगणार होती? माय वं, काय केलंस गं तू हे इतकी वर्षं?

"मॅडम, तुमचंच वाक्य आहे," पूनम म्हणाली. मी डोळे पुसून वाचलं. प्रवेश संपेपर्यंत वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गणितात राहिलेल्या पोरानं जरा जास्तच.

मी खाली उतरत होते तेव्हा पर्समधला फोन वाजला. दादा होता.

"भेटलं का नाटक?"

"भेटलं. अकोल्यातच होतं."

"चालू हाये?"

"हो."

 वहिनीचा टीव्ही मागे ऐकू येत होता. मग तो टीव्ही कोणीतरी बंद केला.

"आली होती का?" दादानं विचारलं.

बाबा गेल्यापासून ज्या माणसानं एकदाही आमच्याबरोबर षष्ठीच्या नाटकाला पाऊल टाकलं नाही, त्याचा हा आवाज. बारीक, बाबा गेले तेव्हाच्या, बारावीतल्या पोराचा. मी समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. पोरं त्या एकात एक घालायला लागली होती.

"आली होती," मी म्हणाले. "दोघंही आले होते. बाजूबाजूनं बसले होते."



"आईनं काय नेसलं होतं?"

"जांभळं," मी म्हणाले. "जांभळं इरकल. नवंच दिसत होतं."